जुन्या अमेरिकन गाडीसाठी दुसरं इंजिन कसं निवडावं

डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवरून जुन्या गाड्यांची रांग सरकू लागली की त्यांच्यातल्या काहींना आपल्याही दारात अशी एक असावी असं वाटायला लागतं. मग शोध सुरू होतो. १९६९ ची कॅमारो, १९६६ ची मस्टँग किंवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची डॉज सापडते. पत्रा बरा असतो आणि किंमत आवाक्यातली असते, कारण बॉनेटखालचं इंजिन गेलेलं असतं किंवा तिथे काहीच नसतं. हा लेख अशा पहिलटकरांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इंजिन कधी एकटं येत नाही. ते आपल्यासोबत माउंटिंग, ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), फ्लायव्हील (इंजिनामागचं जड चाक), गिअरबॉक्स, रेडिएटर, पेट्रोलची लाइन, सायलेन्सर आणि वायरिंग घेऊन येतं. म्हणून जास्तीत जास्त ताकदीचं इंजिन कोणतं, हा प्रश्न पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. माझ्या गाडीत आज जे आहे त्याच्याशी कोणतं इंजिन सर्वांत कमी भांडेल, हे विचारा. नवख्या माणसाची गाडी रस्त्यावर येते की चार वर्षं ताडपत्रीखाली पडून राहते, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

पहिली पायरी: गाडी कशासाठी हवी ते कागदावर लिहा

तोंडी नको, लिहूनच काढा. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन फेरफटका, महामार्गावर दोनशे-तीनशे मैलांचा प्रवास, ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेतल्या शर्यतीचा छोटा ट्रॅक), की कारखान्यातून निघाली तशी मूळ रूपातली गाडी? या चारही गरजांची इंजिनं वेगळी आहेत. फेरफटक्यासाठी साधं, कमी आरपीएमला जोर देणारं, दोन बॅरलच्या किंवा छोट्या चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं इंजिन पुरतं. घरात दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर तेही लिहा. गरमागरम (म्हणजे जास्त ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट टाकलेली गाडी सिग्नलला थरथरत उभी राहते, आणि ते प्रत्येकाला झेपत नाही.

दुसरी पायरी: आत्ता काय आहे ते ओळखा

इथे घाई करू नका. विक्रेता ‘ओरिजिनल ३५०’ म्हणाला म्हणून ते तसं असतंच असं नाही. साठ वर्षांत अशा गाड्यांची इंजिनं दोन-दोन, तीन-तीन वेळा बदललेली असतात.

शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चं उदाहरण घेऊ, कारण तुमची गाठ बहुतेक त्याच्याशीच पडेल. १९५५ मध्ये हे इंजिन २६५ घनइंचांचं म्हणून आलं. त्यातूनच पुढे २८३, ३२७, ३०७, ३५० आणि ४०० निघाली. बाहेरून ही सगळी सारखीच दिसतात. फरक कळतो तो ओतीव आणि ठोकलेल्या आकड्यांवरून. ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सचं कव्हर जिथे बसतं त्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला उठावदार अक्षरांत सात आकडी ओतकामाचा क्रमांक असतो. ३९७००१० हा त्यातला एक अगदी परिचित क्रमांक, आणि तो प्रामुख्याने ३५० वर दिसतो. त्याच मागच्या भागात ओतकामाची तारीखही असते: आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च आणि नऊने संपणारं वर्ष. ते १९६९ की १९७९, हे बाकीच्या खुणांवरून ठरवायचं.

दुसरी खूण पुढच्या बाजूला असते. प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या ओतीव भागाच्या) अगदी पुढे, ब्लॉकवर बोटभर रुंदीची एक सपाट पट्टी दिसेल. तिच्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि रंग साचलेला असतो. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं तिच्यावर ठेवा, मग नुसतं पुसा. वायर ब्रश किंवा सँडपेपर अजिबात लावू नका, कारण कारखान्यातल्या मशिनने काढलेल्या बारीक समांतर रेघा हाच त्या पट्टीच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. टॉर्च वरून धरू नका, आडवी धरा, म्हणजे ठोकलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. समजा ‘व्ही ०१०१ डीझेड’ दिसलं, तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मधले आकडे म्हणजे १ जानेवारी, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या कॅमारो झेड-२८ चं ३०२ घनइंची इंजिन. हे तुमच्या हाती लागलं तर बाकीचं सगळं थांबवा आणि जाणकाराला बोलवा. १९६८ पासून ब्लॉकवर गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भागही ठोकलेला असतो. १९६९ च्या कॅमारोत तो पुष्कळदा ऑइल फिल्टरजवळ सापडतो. त्यातलं ‘एन’ नॉरवुडचं, ‘एल’ लॉस एंजेलिसचं. तो क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर ते मूळ इंजिन.

मूळ इंजिन कितीही बिघडलेलं असो, विकू नका आणि भंगारात देऊ नका. तेल चोपडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा. पुढे गाडी विकताना ते गाडीसोबत देता येतं आणि किमतीत त्याचा मोठा फरक पडतो.

आणखी एक सापळा आहे. जनरल मोटर्सचं ‘३५०’ हे एक इंजिन नाही. शेव्हरले, पाँटियॅक, ब्यूइक आणि ओल्ड्समोबाईल या चौघांची स्वतःची वेगवेगळी ३५० होती आणि त्यांचे सुटे भाग एकमेकांना चालत नाहीत. शेव्हरलेच्या गिअरबॉक्सच्या बोल्टांची मांडणीही इतर तिघांपेक्षा वेगळी. १९७७ मध्ये ओल्ड्समोबाईलच्या काही गाड्यांत शेव्हरलेची इंजिनं बसवलेली आढळली तेव्हा ग्राहक चिडले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. म्हणून गाडी पाँटियॅक असेल तर ‘३५० चालेल’ एवढ्यावर काहीही मागवू नका.

तिसरी पायरी: ते खरंच बाद झालंय का?

इंजिन बदलायचं ठरवण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. सगळे स्पार्क प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरवर तेवढ्याच वेळा इंजिन फिरवा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली नको. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरांचा आकडा कमी आला तर बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं, आणि त्यासाठी नवं इंजिन घ्यायचं कारण नाही. इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब दर हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय असावा, असा जुना मेकॅनिकी ठोकताळा आहे. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. तेव्हा हेड उतरवून भेग शोधल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका.

मूळ इंजिन दुरुस्त होण्याजोगं असेल तर माझं मत सरळ आहे: पहिल्या गाडीसाठी तेच करा. चांगल्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक धुऊन, भेगा तपासून, ०.०३० इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून, नवे पिस्टन आणि बेअरिंग टाकून मिळतं. ते इंजिन गाडीत बसतं हे आधीच सिद्ध झालेलं असतं, आणि ही सोय पैशांत मोजता येत नाही. फक्त ब्लॉक आधीच ०.०६० ने बोअर झालेला नाही ना, ते पाहा. पिस्टनच्या डोक्यावर ‘०३०’ किंवा ‘०६०’ असं ठोकलेलं असतं.

चौथी पायरी: अश्वशक्तीच्या आकड्यांची भाषा समजून घ्या

१९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहीर करत. पंखा, अल्टरनेटर, एअर क्लीनर, सायलेन्सर यांचा भार न लावता इंजिन स्टँडवर चालवून मोजलेला तो आकडा. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, म्हणजे इंजिन गाडीत बसतं तसं सगळं लावून मोजलेले. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनचा १९७१ चा ग्रॉस आकडा ३३०, आणि १९७२ चा नेट आकडा २५५. इंजिन तेच आहे, बदललेली गोष्ट म्हणजे मुख्यतः मोजण्याची रीत.

हे कशासाठी सांगतोय? कारण ‘माझ्या गाडीत मूळचं ३०० अश्वशक्तीचं इंजिन होतं, मग नवं २९० चं कमी पडेल’ असा हिशोब लोक करतात. विक्रेत्याचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा. इंजिन डायनोवरचे (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडेही बहुतेक वेळा उघड्या हेडरवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर), पंख्याविना मोजलेले असतात. आणि आकड्याबरोबर तो किती आरपीएमला येतो ते बघा. ५८०० आरपीएमला मिळणारी ताकद तुम्ही रस्त्यावर क्वचितच वापराल. अडीच-तीन हजारांवर मिळणारा टॉर्क मात्र रोज वापरात येतो.

पाचवी पायरी: बाजारात मिळणारे पर्याय

दुरुस्तीचं वर बोललो. दुसरा पर्याय म्हणजे त्याच घराण्यातलं जुनं, चालू इंजिन, एखाद्या भंगारात निघालेल्या पिकअपमधून काढलेलं. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाचं. तिसरा पर्याय ‘क्रेट’ इंजिनाचा: नवं किंवा नव्याने बांधलेलं, खोक्यात बंद होऊन दारात येतं आणि लेखी हमी असते. क्रेट घेताना सोबत काय येतं हे वाचून घ्या. शॉर्ट ब्लॉक म्हणजे हेडविना, लाँग ब्लॉक म्हणजे हेडसकट पण कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, वॉटर पंप यांच्याशिवाय. जुनं इंजिन परत दिल्यावरच मिळणारी ‘कोअर’ची अनामतही किमतीत धरलेली असू शकते. तुमचं मूळ इंजिन त्या कोअरमध्ये देऊन टाकू नका. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

चौथा पर्याय सध्या सर्वांत चर्चेत आहे: जनरल मोटर्सचं एलएस. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ३४५ अश्वशक्तीचं एलएस-१ आलं, आणि १९९९ पासून त्याच घराण्याची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं लाखो पिकअपमध्ये बसली. त्यामुळे ५.३ भंगारात सहज मिळतं. थंडीत एका झटक्यात सुरू होतं, पेट्रोल कमी पितं आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांची मांडणी जुन्या स्मॉल ब्लॉकशी जवळजवळ जुळते. पण इंजिन स्वस्त मिळालं तरी त्याच्यामागून येणारी यादी लांब असते. पिकअपचा खोल ऑइल चेंबर कॅमारोच्या क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) आपटतो, म्हणून वेगळा घ्यावा लागतो. टाकीत ५८ पीएसआय दाब देणारा इलेक्ट्रिक पंप आणि परतीची लाइन किंवा रेग्युलेटर लागतो. शिवाय संगणक, त्याचं वायरिंग, ऑक्सिजन सेन्सर, माउंटिंगच्या प्लेटा आणि हेडर. घेताना थ्रॉटल वायरीचा आहे की इलेक्ट्रॉनिक, आणि क्रँक सेन्सरची चकती २४ दात्यांची आहे की ५८, हे विचारा, कारण संगणक त्याला जुळणारा लागतो. २००७ नंतरच्या पुष्कळ ५.३ इंजिनांत कमी भारावर चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे आणि तिचे लिफ्टर (कॅमवर बसून व्हॉल्व्ह उचलणारे भाग) त्रास देतात. पहिल्याच खेपेला तो व्याप नको. वायरिंगची आवड असेल, मदतीला एक अनुभवी हात असेल, तरच एलएसकडे वळा.

बिग ब्लॉकचा, म्हणजे ३९६, ४२७, ४५४ चा मोह अनेकांना होतो. ते स्मॉल ब्लॉकपेक्षा शंभर पौंडांहून जड असतं. पुढच्या स्प्रिंगा, रेडिएटर, ब्रेक सगळंच बदलावं लागतं. पहिल्या गाडीसाठी नकोच.

सहावी पायरी: बसेल का ते टेप घेऊन बघा

स्मॉल ब्लॉक तेच, घराणं तेच, तरीही ‘बोल्ट काढले, बोल्ट लावले’ असं होत नाही. १९६९ च्या कॅमारोत १९९० च्या पिकअपचं ३५० बसवायचंय असं धरू आणि पुढून मागे जाऊ.

सगळ्यात पुढे वॉटर पंप. १९६८ पर्यंतच्या कॅमारोला आखूड पंप, १९६९ पासून लांब. त्याप्रमाणे पुली आणि ब्रॅकेट बदलतात. नव्या इंजिनाला एकच लांब नागमोडी पट्टा असेल तर त्याचा पंप उलट फिरणारा असतो. त्याच्यावर जुन्या व्ही-बेल्टच्या पुल्या लावल्या की पंप चुकीच्या दिशेने फिरतो, इंजिन तापतं आणि माणूस रेडिएटर बदलत बसतो. जुन्या पुल्या तर जुना पंप, एवढं पक्कं धरा.

मग पेट्रोलचा पंप. जुन्या ब्लॉकवर प्रवाशाच्या बाजूला यांत्रिक पंप बसतो. नंतरच्या काही ब्लॉकवर ती जागा ओतलेली असते, पण छिद्रं पाडलेली नसतात. तसं असेल तर इलेक्ट्रिक पंप लावण्यावाचून इलाज नाही. गाडी हाताच्या गिअरची असेल तर ड्रायव्हरच्या बाजूला क्लचच्या आडव्या दांड्याची गोळी बसवायचं आट्यांचं छिद्र आहे का, ते हाताने चाचपून बघा. ते नसेल तर मूळ क्लच लिंकेज लागणार नाही आणि हायड्रॉलिकचा खर्च उभा राहील.

ऑइल चेंबर. १९८० पासून डिपस्टिक ड्रायव्हरच्या बाजूवरून प्रवाशाच्या बाजूला गेली. जुना चेंबर तसाच नव्या ब्लॉकवर चढवता येत नाही.

हेड. १९८७ नंतरच्या लोखंडी हेडवर इनटेक मॅनिफोल्डचे मधले बोल्ट वेगळ्या कोनात आहेत. १९९६ पासूनच्या व्होर्टेक हेडना तर मॅनिफोल्डच निराळा लागतो. ही व्होर्टेक हेड हवा फार छान ओढतात. स्वस्तात मिळाली तर घ्यायला माझी हरकत नाही, फक्त मॅनिफोल्डचे पैसे आधीच धरा.

आणि सर्वांत मागे, जिथे नवखे हमखास अडकतात, ते क्रँकचं मागचं सील. १९८५ पर्यंत ते दोन तुकड्यांचं होतं, १९८६ पासून एकसंध झालं. त्याबरोबर फ्लायव्हीलच्या बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं आणि वजनाचा तोल साधायची पद्धतही बदलली. म्हणजे तुमचं १९६९ चं फ्लायव्हील १९९० च्या इंजिनाला लागणारच नाही. ४०० घनइंची इंजिन तर पुढे-मागे दोन्हीकडे बाहेरून तोल साधतं, त्याला त्याचाच डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं हादरे शोषणारं चाक) आणि त्याचीच फ्लायव्हीलच्या जागची प्लेट हवी. चुकीची लावली तर इंजिन इतकं हादरतं की बेअरिंग जातात. फ्लायव्हीलला १५३ दाते की १६८, हे मोजा. सेल्फचे बोल्ट पहिल्यासाठी एका रेषेत असतात आणि दुसऱ्यासाठी तिरपे. बऱ्याच ब्लॉकवर दोन्ही छिद्रं असतात, पण आधी बघायचं, मग सेल्फ मागवायचा.

उंचीचा प्रश्न शेवटी. नवं इनटेक मॅनिफोल्ड उंच असेल तर बॉनेट बंद होईल का? कणकेचे लिंबाएवढे चार-पाच गोळे एअर क्लीनरच्या झाकणावर कडेकडेने ठेवा, वर प्लास्टिकचा कागद पसरा आणि बॉनेट हळूच टेकवून लॉक होईपर्यंत दाबा. उघडल्यावर दबलेल्या गोळ्यांची जाडी पट्टीने मोजा. कुठेही अर्ध्या इंचाहून कमी आली तर जागा अपुरी आहे, कारण रेस मारल्यावर इंजिन माउंटिंगवर एका बाजूला उचललं जातं. हे इंजिन नुसतं माउंटिंगवर टेकवून, बाकी काही जोडण्याआधी करायचं.

गाडी मूळची सहा सिलिंडरची असेल तर व्ही-८ साठी चासीवरची माउंटिंगही बदलतात. तो खर्च वेगळा.

फोर्ड आणि क्रायस्लरवाल्यांसाठी थोडक्यात

१९६५-६६ च्या मस्टँगमध्ये पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे दोन बुरूज इंजिनाच्या जागेत घुसलेले असतात, त्यामुळे रुंदी हाच खरा प्रश्न. २८९ आणि ३०२ आरामात बसतात. ३५१ विंडसरचा ब्लॉक उंच म्हणून वर रुंद होतो आणि हेडरची फार ओढाताण होते. २०११ पासूनचं कोयोटी ५.० त्याहूनही रुंद, बुरूज कापल्याशिवाय बसत नाही. पत्रा कापणं हे पहिलटकराचं काम नाही. १९६४ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांना गिअरबॉक्सच्या बाजूला पाच बोल्ट, नंतर सहा. ऐंशीच्या दशकातलं ५.० घेतलं तर तोल २८ औंस-इंचांऐवजी ५० चा असतो, डॅम्पर आणि फ्लायव्हील त्यालाच जुळणारी हवीत, आणि एचओ प्रकारात स्पार्कचा क्रमही वेगळा: १-३-७-२-६-५-४-८. जुन्या क्रमाने वायरी लावल्या तर ते नीट चालणार नाही. ऑइल चेंबर पुढच्या बाजूला खोलगट असलेलाच घ्या.

डॉज-प्लिमथमध्ये ३१८ च्या जागी ३६० टाकणं ही लोकप्रिय अदलाबदल. दोन्ही एकाच घराण्यातली, पण ३६० च्या ब्लॉकवर माउंटिंगची जागा वेगळी आणि त्या इंजिनाचा तोल बाहेरून साधलेला. एवढं सांभाळलं की बाकी सोपं आहे.

सातवी पायरी: इंजिनामागचं आणि भोवतालचं

ताकद वाढली की तिचा भार पुढे सरकतो. जुना दोन गिअरचा पॉवरग्लाइड ३५० ला साथ देतो, पण गाडीचा जोम निघून जातो. महामार्गावर जायचं असेल तर ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बघा. १९८२ पासूनचा ७००आर४ स्वस्त मिळतो. त्याला कार्ब्युरेटरपासून एक केबल जाते आणि तीच आतला दाब ठरवते. ती नीट न जुळवता गाडी थोडी जरी चालवली तरी क्लच जळतात, म्हणून कार्ब्युरेटरवर योग्य ब्रॅकेट असल्याशिवाय गाडी हलवू नका. नंतरच्या ४एल६०ई ला संगणक लागतो.

डिफरन्शियलचं प्रमाण पाहा. २.७३ असेल तर गरम कॅमशाफ्टचं इंजिन खालच्या आरपीएमला मरगळलेलं वाटेल. आणि ब्रेक! पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. जास्त काळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणाऱ्या कॅमशाफ्टने आयडलिंगचा व्हॅक्यूम खाली येतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. इंजिन विकणाऱ्याला आयडलवरचा व्हॅक्यूम विचारा. पाऱ्याच्या १५ इंचांच्या आसपास असेल तर निश्चिंत. चार ड्रम ब्रेकच्या गाडीत दीडपट ताकदीचं इंजिन टाकायचं आणि ब्रेक पुढच्या वर्षी बघू म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही. पुढचे डिस्क ब्रेक त्याच अंदाजपत्रकात धरा, मग इंजिन दहा-वीस अश्वशक्तीने लहान घ्यावं लागलं तरी चालेल.

पेट्रोलचंही बघा. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसं असलेलं पेट्रोल अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद आहे. सत्तरच्या आधीची हेड मुद्दाम उघडलीच असतील तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. दहा टक्के इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, तेही बदला.

आठवी पायरी: कागदपत्रं

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी नाही. १९७६ ची गाडी असली की नियम पूर्ण बदलतात: नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं, आणि त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी साधनं जागेवर लागतात. मिशिगनमध्ये उत्सर्जन तपासणी नाही. राज्य बदलायचा विचार असेल तर तिथले नियम आधी वाचा. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या आणि इंजिन बदललं की कंपनीला लेखी कळवा.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशी गाडी असेल, तर गोष्ट वेगळी आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. त्यातल्या काही अजून घराघरांत जपलेल्या आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळू शकतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा तिथे मूळ सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिनच बोअर करून घेणं शहाणपणाचं. इंजिन नंबर आरसीवर असतो, म्हणून त्याला हात लावण्याआधी आरटीओत विचारा.

नववी पायरी: मागवणं, उतरवणं, पहिल्यांदा सुरू करणं

वापरलेलं इंजिन घेताना शक्यतो ते गाडीतच असताना, थंड अवस्थेत सुरू करून दाखवा म्हणा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवत असतं. व्हॉल्व्ह कव्हर काढून आत बघा. डांबरासारखा काळा थर म्हणजे तेल वेळेवर बदललेलं नाही. ऑइल फिल्टर कापून घडी उलगडा आणि उन्हात धरा. चमचमते कण दिसले तर सौदा सोडा, मग तो किती का स्वस्त असेना.

अंदाजपत्रकात इंजिनाच्या किमतीखाली गॅस्केट, माउंटिंग, होज, बेल्ट, हेडर किंवा मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, मशीन शॉप, चेन कप्पीचं भाडं आणि तेल-कूलंट असं एकेक लिहा. ही बेरीज इंजिनाच्या किमतीइतकी झाली तरी दचकू नका, ते नेहमीचंच आहे. इंजिन मागवण्याआधी ही यादी पूर्ण झालेली हवी, नंतर नव्हे.

कॅमशाफ्ट सपाट टॅपेटचा (टॅपेट म्हणजेच लिफ्टर) आहे की रोलरचा, हे मागवतानाच ठरवा. २००४ पासून साध्या पेट्रोल गाड्यांच्या तेलातलं जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी होत गेलं, आणि सपाट टॅपेटचे नवे कॅम पहिल्याच अर्ध्या तासात झिजायचं प्रमाण वाढलं. रोलरचे पैसे परवडत असतील तर रोलर घ्या. सपाट टॅपेटच असेल तर जास्त जस्ताचं ब्रेक-इन तेल भरा, कॅमच्या उंचवट्यांवर आणि टॅपेटच्या तळाला त्याचा खास लेप लावा आणि डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवून प्रत्येक रॉकरवर तेल येतंय ना ते बघा. टायमिंग जुळवून, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून, रेडिएटर काठोकाठ करूनच चावी फिरवा. इंजिन लागताच आरपीएम दोन हजारांवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं आयडलवर येऊ देऊ नका. मधूनमधून थोडं वर-खाली करत राहा. एक माणूस तेलाच्या आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवणारा हवा, दुसरा अग्निशामक घेऊन शेजारी. गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवा. तीस मिनिटं झाली की बंद करा, थंड होऊ द्या, तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि तो फिल्टरही कापून बघा.